उभं नाणं

कागदाच्या कारखान्यात तिला सगळे भूकंपबाई म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर. पाठीमागे म्हटलेलं तिच्या कानावर गेलं की ती परत येऊन विचारायची, "समोर म्हणायला काय झालं होतं?" त्यापेक्षा समोर म्हटलेलं परवडलं. नाव ठेवलं होतं ड्रायरवाल्याने. ओला कागद वाफेच्या मोठमोठ्या रुळांवरून सुकवत नेणारं लांबलचक यंत्र तो चालवायचा. अंगाने भरलेला, जिभेने सैल, मनाने चांगला माणूस. ती आपलं मीटर घेऊन येताना दिसली की तो स्टुलाचे पाय घट्ट धरून बसायचा आणि ओरडायचा, "सांभाळा, जमीन हलणार." लोक हसायचे. ती हसायची नाही, पण स्टुलाला एक हलकी लाथ मारून पुढे जायची.

तिचं काम होतं यंत्रांचं थरथरणं मोजायचं. जेवणाच्या डब्याएवढं मीटर, त्याला वायर, वायरीच्या टोकाला चुंबक लावलेला सेन्सर. तो यंत्राच्या अंगाला चिकटवायचा आणि पडद्यावर आलेख बघायचा. आता थरथरत नाही असं यंत्र जगात नाही. जे थरथरत नाही ते बंद पडलेलं. प्रश्न असतो तो कसं थरथरतं याचा. गिअरबॉक्स, म्हणजे दातेरी चाकांची बंद पेटी, उघडून बघायचा तर अख्खं यंत्र थांबवावं लागतं. मीटर मात्र चालत्या गाड्याची नाडी बघतं.

हे मीटर तिच्याआधीच कारखान्यात आलं होतं. ज्याने हौसेने मागवलं तो नोकरी सोडून गेला, आणि खोकं स्टोअरच्या फळीवर धूळ खात पडलं. ती तेव्हा स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजून द्यायला होती. डिप्लोमाच्या वर्गात ती एकटीच मुलगी. पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं होतं, "बाई, खोली चुकलीस का?" ती म्हणाली होती, "माझी बरोबर आहे सर, तुमची बघा." अशा मुलीला नटबोल्ट किती दिवस पुरणार? तिने खोकं उघडलं, आतलं जाडजूड पुस्तक वाचून काढलं, आणि तेव्हाच्या मॅनेजरसमोर ते मीटर नेऊन ठेवलं. "वापरायचं नसेल तर फेकून द्या, नाहीतर मला द्या." फेकून द्यायला जीव होत नव्हता म्हणून तिला दिलं. आपल्याकडे पुष्कळ माणसांना कामं अशीच मिळतात.

पुढे फोरमनच्या मुलाशी तिचं लग्न झालं. नवरा शाळेची बस चालवायचा. फोरमन घरात तिचे मामंजी झाले, कारखान्यात फोरमनसाहेब राहिले. ते तिला घरात सूनबाई म्हणत, कारखान्यात नुसतं बाई. घरी येऊन भांडण पुढे चालवायचं नाही असा दोघांचा न बोलता झालेला करार होता. नवऱ्याला कुणी विचारलं की तू कुणाच्या बाजूचा, तर तो म्हणायचा, "मला दोघांच्याही पंगतीला बसायचंय." सासूबाईंचं गाऱ्हाणं वेगळंच. सून येताजाता पंख्याला, मिक्सरला, कपड्याच्या मशीनला तळहात लावून बघायची. "आमच्या घरात पंखासुद्धा हिच्या परवानगीने फिरतो," असं त्या शेजारणीला सांगायच्या, तक्रारीच्या सुरात आणि थोड्या कौतुकाने.

यंत्र तपासायची मामंजींची रीत आपली वेगळी. खिशात एक जुनं नाणं. वर्षानुवर्षं बोटं फिरून त्यावरचं चित्र पुसून गेलेलं. चालत्या गिअरबॉक्सच्या माथ्यावर ते कडेवर उभं करायचं. उभं राहिलं तर गिअरबॉक्स ठणठणीत, पडलं तर बिघाड. हसू नका. सैल झालेला बोल्ट, झिजलेलं बेअरिंग त्या नाण्याने कितीदा तरी पकडून दिलं होतं. पूर्वी नाण्याच्या जोडीला एक लांब पेचकसही असायचा. त्याचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून मामंजी आतला आवाज ऐकायचे. अलीकडे पेचकस खणात पडून होता, आणि तो का पडून होता हे फक्त दोन बायकांना माहीत होतं. सगळी हयात त्या घरघराटात काढून मामंजींचे कान गेले होते. चार लोक हसले की ते हसायचे. प्रश्न संपायच्या आत मान डोलवायचे. सासूबाई घरात ओरडून बोलायच्या आणि लोकांना वाटायचं, बाई तोंडाळ आहे. सुनेने यावर कधी चकार शब्द काढला नव्हता. फोरमनचा कान म्हणजे फोरमनची अब्रू, एवढं तिला कळत होतं.

कारखान्याच्या फाटकाशी एक काळा फळा होता. यंत्र मध्येच थांबवावं लागलं की त्यावर खडूने दोन गोष्टी लिहायच्या: थांबण्याचं कारण, आणि कुणाच्या सांगण्यावरून थांबवलं त्याचं नाव. येताजाता सगळ्या पाळ्या तो वाचायच्या. पद्धत कुणी सुरू केली कोण जाणे, पण ज्याने केली तो बेरकी असणार. यंत्र थांबवा म्हणण्याआधी माणसाने दहादा आवंढा गिळावा, हाच त्या फळ्याचा हेतू.

त्या फळ्यावर भूकंपबाईचं नाव एकदा लागलं होतं, आणि वाईट तऱ्हेने लागलं होतं. मालक येणार म्हणून सगळी यंत्रं हिरवीगार रंगवली. रंगाऱ्याने जिथे म्हणून ब्रश पोचला तिथे रंग फासला, आणि सेन्सर कुठे लावायचा याच्या तिच्या खुणाही त्याखाली गेल्या. तिने अंदाजाने चुंबक चिकटवलं. ते गिअरबॉक्सच्या जाड अंगावर बसण्याऐवजी वीतभर बाजूला, पत्र्याच्या झाकणावर बसलं. झाकण बिचारं आपलं झाकणासारखं थडथडत होतं. तिला वाटलं, आतल्या चाकांचा भुगा होतोय. तिने यंत्र थांबवायला लावलं. गिअरबॉक्स उघडला तर आत सगळं लखलखीत. दिवसाचा कागद बुडाला आणि फळ्यावर ड्रायरवाल्याने टपोऱ्या अक्षरात लिहिलं: कारण, काही नाही. थांबवलं, भूकंपबाई.

दुसऱ्या दिवशी मामंजी पाळी सुरू व्हायच्या आधीच ओलं फडकं घेऊन फळ्यापाशी गेले. घराण्याची लाज, दुसरं काय. ती मागून आली आणि तिने त्यांचा हात धरला. "राहू द्या. चूक मी केलीय. माझ्या चुकीवर दुसऱ्याने फडकं मारायचं नाही." मामंजींना ऐकू आलं की नाही देव जाणे, पण तिचा चेहरा वाचून त्यांनी फडकं खाली केलं. त्या दोन ओळी कित्येक दिवस तशाच राहिल्या आणि ती रोज मान वर करून त्यांच्यासमोरून जायची. मग तिने तारेचा ब्रश घेतला, एकेका गिअरबॉक्सवरचा रंग धातू लागेपर्यंत खरवडला आणि तिथे पोलादाच्या चकत्या पक्क्या बसवून घेतल्या, म्हणजे चुंबकाला जागा चुकायचीच सोय नको. रंगारी भांडायला आला. ती म्हणाली, "माझ्या चकत्यांवर रंग दिसला तर तुमच्या जेवणाच्या डब्यावरही दिसेल." तो पुन्हा आला नाही.

तर अशी ही बाई. एका सकाळी नेहमीच्या फेरीत ती ड्रायरच्या गिअरबॉक्सपाशी आली. हा गिअरबॉक्स रुळांची अख्खी रांग फिरवतो. चकतीवर सेन्सर लावला. एकूण थरथर किती, तो आकडा व्यवस्थित मर्यादेत होता. दिवा हिरवा. दुसरा कुणी असता तर टिकमार्क करून पुढे गेला असता. ती आलेखाकडे बघत उभी राहिली. आतलं लहान दातेरी चाक एक फेरा घेतं तेवढ्या वेळात आलेखात एकदाच, बारीकसा, एक ठोका येत होता. पुन्हा फेरा, पुन्हा ठोका, त्याच जागी. तळपायात काटा मोडलेला माणूस चालताना दर वेळी तोच पाय टेकला की कण्हतो, तसं. म्हणजे बाकी सगळे दात धड होते आणि एक दुखत होता.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिने फुंकलं, गाळलं आणि परत फुंकलं. चकती पुसली, वायर बदलली, सेन्सर बदलला. यंत्राचा वेग कमी असताना बघितलं, ओझं वाढल्यावर बघितलं. ओझं वाढलं की ठोका वाढत होता. मागच्या फेऱ्यांचे आलेख काढले. आधी ठोका नव्हताच, मग नखाएवढा होता, आता बोटाएवढा झाला होता. दात मुळाशी तडकला असणार. असा दात भर वेगात तुटला तर दोन चाकांच्या मध्ये अडकतो, आणि मग गिअरबॉक्सचं बिडाचं कवच फुटायला वेळ लागत नाही. त्या कवचाला टेकून ड्रायरवाल्याचं स्टूल होतं.

पहिलं काम तिने केलं ते स्टूल उचलून वाटेच्या पलीकडे नेऊन ठेवलं. ड्रायरवाल्याने ते परत आणलं. "इथे माझी पाठ शेकते," तो म्हणाला. तिने पुन्हा उचललं, त्याने पुन्हा आणलं. "भूकंप तुझ्या मीटरमध्ये आहे बाई, माझ्या स्टुलाखाली नाही," असं म्हणून तो ठाण मांडून बसला.

मॅनेजर तरुण होता, समजूतदार होता आणि पेचात होता. शाळांच्या वह्यांच्या कागदाची मोठी ऑर्डर आली होती आणि त्याच दिवसापासून यंत्र पूर्ण वेगाने पळवायचं होतं. ती आलेख घेऊन आली तेव्हा त्याने तो नीट बघितला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

"पण आकडा तर मर्यादेत आहे," तो म्हणाला.

"आकडा सगळ्या दातांचा मिळून आहे साहेब. वर्गात एक मुलगा तापाने फणफणला म्हणून सगळ्या वर्गाचा ताप वाढत नाही. त्या मुलाला घरी पाठवावंच लागतं."

"मागच्या वेळीही आलेख होता."

"होता. तेव्हा सेन्सर चुकीच्या जागी होता. ती चूक माझी, आणि तुम्ही ती फळ्यावर वाचलीय. ह्या वेळी जागा बरोबर आहे. यंत्र थांबवा."

लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराचं जे होतं तेच तिचं झालं होतं, आणि तिला ते माहीत होतं. मॅनेजर उठून गिअरबॉक्सपाशी आला आणि त्याने फोरमनला बोलावलं. मामंजी आले, त्यांनी खिशातून नाणं काढलं आणि गिअरबॉक्सच्या माथ्यावर कडेवर उभं केलं. हात काढला. नाणं उभं राहिलं. एवढं ताठ उभं राहिलं की जमलेल्या लोकांत खसखस पिकली. फेऱ्यातून एकदाच येणारा तो ठोका नाण्याला पाडण्याएवढा मोठा नव्हताच.

"आणि आवाज कसा वाटतो, फोरमनसाहेब?" मॅनेजरने विचारलं.

मामंजींनी त्याच्या ओठांकडे बघितलं. "चोख आहे," ते म्हणाले.

तिने त्यांच्याकडे बघितलं. ते नाण्याकडे बघत राहिले. एक वाक्य बोलायचा अवकाश होता: ह्यांना ऐकू येत नाही. एवढं म्हटलं असतं तर नाणं, फोरमन, सगळंच आडवं झालं असतं आणि ती जिंकली असती. वाक्य जिभेवर आलं होतं. पण तिला त्या जिंकण्याची शिसारी आली. आपलं खरं आहे हे दाखवायला म्हाताऱ्या माणसाचे कान बाजारात मांडायचे? तिने वाक्य गिळलं. राग मात्र गिळला गेला नाही. तो तसाच घेऊन ती पाठ फिरवून तरातरा चालू लागली. लोकांना वाटलं, गेली बिचारी. ड्रायरवाला म्हणाला, "वादळ ओसरलं."

ती परत आली ती मॅनेजरची खुर्ची ढकलत. केबिनमधली, चाकांची, उंच पाठीची खुर्ची. चाकं खडखड वाजवत तिने ती सगळ्या कारखान्यातून आणली, ड्रायरवाल्याचं स्टूल पायाने बाजूला सारलं आणि खुर्ची गिअरबॉक्सला टेकवून उभी केली.

"बसा साहेब."

"हे काय चाललंय?"

"काही होणार नाही असं तुमचं म्हणणं आहे ना? मग ऑर्डर पुरी होईपर्यंत इथूनच काम बघा. फोन आणून देते, चहा आणून देते. पाठही शेकेल."

"बाई, हा पोरखेळ आहे."

"पोरखेळ कसा? हा माणूस रोज इथेच बसतो. त्याच्यासाठी ही जागा चालते, तर तुमच्यासाठी का नाही?"

कुणी हसलं नाही. खुर्ची सगळ्यांच्या मध्ये रिकामी उभी होती. मॅनेजरने तिच्याकडे बघितलं, मग गिअरबॉक्सकडे, मग तिच्या हातातल्या आलेखाकडे. एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबला. तेवढ्यात ड्रायरवाला वाकला, त्याने आपलं स्टूल उचललं आणि वाटेच्या पलीकडे नेऊन ठेवलं. मला विचाराल तर मॅनेजर भला माणूस होता. भला नसता तर नुसत्या हट्टापायी बसला असता.

"थांबवा," तो म्हणाला. "पण एक ऐका. आत काही निघालं नाही तर हे मीटर स्टोअरमध्ये जमा होणार, आणि तुम्हीही परत तिथेच."

"मान्य. आणि निघालं तर यापुढे मी थांबवा म्हटलं की थांबवायचं. नाण्याला विचारायचं नाही."

त्याने होकाराची मान डोलवली. यंत्र थांबलं. मामंजींनी नाणं उचलून खिशात टाकलं.

तेल काढलं, झाकण उचललं, चाकं पुसली. मामंजी वाकले आणि त्यांनी लहान चाकाच्या एकेका दातावरून बोट फिरवलं. सगळे दात गुळगुळीत, चकचकीत, हसऱ्या माणसाचे असावेत तसे. त्यांनी नाही अशी मान हलवली. मॅनेजरने नाकातून श्वास सोडला. मागून कुणीतरी पुटपुटलं, "पुन्हा काही नाही."

नटबोल्टांच्या फळ्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या. "घाई कसली आहे?" ती म्हणाली आणि स्टोअरमधून दोन फवारे घेऊन आली. एकात लाल रंग होता, दुसऱ्यात पांढरी पूड. दातांना तेलाचा थेंब राहू न देता तिने लाल फवारा मारला. रंगाला चिरेत शिरायला वेळ लागतो, म्हणून थांबली. चहा मागवला गेला, आला, गार झाला. मग तिने लाल रंग पुसून काढला, पार दिसेनासा होईपर्यंत, आणि वरून पांढरी पूड उडवली. चाक पिठात घोळल्यासारखं झालं. सगळे वाकून बघत होते. काही नव्हतं.

आणि मग एका दाताच्या मुळाशी, जिथे बोट पोचत नाही तिथे, पांढऱ्यावर एक लाल ठिपका आला. तो लांबला. चिरेत दडलेला रंग पूड हळूहळू बाहेर ओढत होती. बघता बघता दाताच्या मुळाशी या कडेपासून जवळजवळ त्या कडेपर्यंत एक लाल रेघ उमटली. ड्रायरवाला खाली बसला. स्टूल पलीकडे होतं, त्यामुळे जमिनीवरच बसला.

मामंजींनी चष्मा लावला, अगदी जवळ जाऊन बघितलं, पुन्हा बोट फिरवलं. "हाताला लागत नाही," ते म्हणाले.

"लागणार नाही, मामंजी," ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. कारखान्यात तिने त्यांना मामंजी म्हणायची ती पहिलीच वेळ होती.

संध्याकाळी पाळी सुटताना सगळे फाटकाशी आले. तोवर मॅनेजरचं डोकं ताळ्यावर आलं होतं, आणि ताळ्यावर आलेलं डोकं हिशेबी असतं. मालक पुन्हा येणार होते. गिअरबॉक्स फुटता फुटता राहिला हे त्यांनी फळ्यावर कशाला वाचायचं? त्याने मामंजींच्या हातात खडू दिला आणि म्हणाला, "नेहमीची देखभाल, एवढंच लिहा." मामंजी लिहू लागले. 'नेहमीची' एवढं झालं असेल. तिने पुढे होऊन त्यांच्या हातातून खडू घेतला आणि तळहाताने तो शब्द पुसला.

"बाई, झालं ना तुमच्या मनासारखं?" मॅनेजर म्हणाला. "आता कशाला?"

"मागच्या वेळी 'काही नाही' लिहिताना कुणाचा खडू अडखळला नव्हता," ती म्हणाली, आणि तिने लिहिलं: कारण, ड्रायरच्या लहान चाकाचा दात मुळाशी तडकला. थांबवलं, भूकंपबाई.

"निदान खरं नाव तरी लिहा."

"चूक ह्याच नावावर लिहिली होती. हेही ह्याच नावावर राहू दे."

ती खडू ठेवायला वळली तर मामंजींनी हात पुढे केला. तिला वाटलं, पुन्हा पुसायची-लिहायची झटापट होणार. पण त्यांचा हात खडूसाठीच होता. त्यांनी तो घेतला, फळ्याच्या अगदी जवळ गेले आणि तिच्या ओळींखाली, वाकड्यातिकड्या अक्षरांत, वेळ घेऊन लिहिलं: नाणं उभं होतं. मला ऐकू येत नाही. फोरमन.

तिने जे वाक्य दिवसभर दातांखाली धरून ठेवलं होतं, ते म्हाताऱ्याने सगळ्या पाळ्यांसमोर स्वतःच्या हाताने लिहून टाकलं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत.

"अहो फोरमनसाहेब, हे कशाला?" मॅनेजर कळवळून म्हणाला. "पुसा ते."

मामंजींना ते ऐकू गेलं नाही. ती त्यांच्या कानाशी वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "मामंजी, साहेब म्हणतायत पुसा."

मामंजींनी हाताला लागलेला खडू झटकला. "आमच्या घरात पुसत नाहीत," ते म्हणाले, आणि सुनेबरोबर फाटकाबाहेर पडले.